वाऱ्यामुळे विद्यार्थ्यांच्या उड्या बंद असतील, तर ड्रॉपझोनवर जावं का?

मृण्मयी_सांगली

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीची, सध्या नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात, अर्वाइनला. मार्चमध्ये स्कायडायव्हिंगची टँडम उडी (इन्स्ट्रक्टरला बांधून, एकाच पॅराशूटवर) मारली आणि लगेच एएफएफचा, म्हणजे स्वतःच्या पॅराशूटने उडी मारायला शिकायचा, कोर्स सुरू केला. दोन इन्स्ट्रक्टर दोन्ही बाजूंनी धरून असतात त्या पायऱ्या झाल्या. पुढच्या उडीत पहिल्यांदाच एकच इन्स्ट्रक्टर बरोबर असेल. तिथेच गाडी अडली आहे.

कारण हवा. मे लागल्यापासून सकाळी समुद्राकडून आलेले ढग डोक्यावर ठाण मांडून असतात. ते असेपर्यंत कुणीच वर जात नाही. अकरा-साडेअकराला ढग विरतात, जरा आशा वाटते, आणि जेवणाच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुटतो. ताशी १४ मैलांच्या वर गेला की विद्यार्थ्यांच्या उड्या बंद. लायसन्सवाले मात्र हसतखेळत विमानात चढत असतात.

मी बाकावर बसून असते. लोक वाईट नाहीत अजिबात. 'आज उडी का?' विचारतात, मी 'वारा आहे' म्हणते, ते मान हलवून पुढे जातात. त्यांच्या बोलण्यातलं निम्मं मला कळत नाही. अपर्स किती आहेत, स्पॉट लांब पडला, कुणाच्या लाइन ट्विस्ट झाल्या. मध्येच विचारलं तर आगाऊपणा होईल असं वाटतं. असे तास काढायचे आणि ९१ नंबरच्या हायवेवरच्या ट्रॅफिकमधून घरी यायचं.

घरी आईचा फोन असतोच. शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारीत उडी मारली तेव्हा आईने ती बातमी सगळ्या नातेवाइकांना पाठवली होती. पण माझी उडी झाली नाही म्हटलं की तिचा आवाज एकदम मोकळा होतो.

तर प्रश्न असा, अंदाजात वारा दिसत असेल तर जावं का? गेलं तर तिथे करायचं काय? आणि महिनाभर उडी झाली नाही तर पुन्हा रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, करावं लागेल, त्याचंही दडपण आहे.

---

डॅलसकर

मृण्मयी, माझं मत स्पष्ट आहे. अंदाज वाईट असेल तर मी घरून हलतच नाही. इकडे टेक्सासमध्ये वसंतात आठवडेच्या आठवडे वारा असतो. दर शनिवारी आशेने गाडी काढायची आणि निराश होऊन परतायचं, याने खेळाची गोडीच जाते.

त्यापेक्षा विंड टनेल, खालून येणाऱ्या जोराच्या वाऱ्यावर तरंगायची बंद जागा. एका उडीत फ्रीफॉल, म्हणजे पॅराशूट उघडायच्या आधीचं मोकळं पडणं, मिळतो जेमतेम मिनिटभर. टनेलमध्ये दहा मिनिटं घेतली तर तेवढ्या उड्यांचा पोटावर स्थिर राहायचा सराव एका दुपारी होतो. पाय सारखे ठेवणं, हनुवटी वर, कंबर पुढे, हे अंगात मुरलं की एका इन्स्ट्रक्टरबरोबरची उडी सोपी जाते. महाग आहे, पण पायरी पुन्हा करावी लागण्यापेक्षा स्वस्त.

---

अनघा_वऱ्हाड

मी उडी मारत नाही, माझा नवरा मारतो. म्हणून माझं मत कितपत चालेल माहीत नाही, पण वर्षानुवर्षं शनिवार-रविवार त्या गवतावर घालवल्यावर थोडं बोलते.

मला सुरुवातीला तुझ्यासारखंच व्हायचं. मग मी एक करायला लागले. विमान जंप रनवर, म्हणजे उड्या मारायच्या मार्गावर, आलं की मान वर करून कॅनोपी, म्हणजे उघडलेल्या छत्र्या, मोजायच्या. किती जण वर गेले ते मॅनिफेस्टच्या, म्हणजे नावनोंदणीच्या खिडकीच्या, पडद्यावर असतं. तेवढ्या उघडलेल्या दिसल्या की माझा जीव खाली. एकदा एक जण लांब शेतात उतरला होता, मी दिशा सांगितली आणि गाडी नेमकी तिथे गेली. त्या दिवसापासून सगळे मला नावाने हाक मारतात. बसायचं असेल तर काहीतरी करत बस, एवढंच.

---

इचलकरंजीची

मृण्मयी, जा. नक्की जा. फक्त त्या बाकावरून ऊठ.

मीही दक्षिण कॅलिफोर्नियातच एका ड्रॉपझोनवर असते. रिगर आहे, म्हणजे रिझर्व्ह पॅराशूट उघडून, तपासून, घडी घालून सील करायचं लायसन्स माझ्याकडे आहे. माहेर इचलकरंजी. वडिलांचे यंत्रमाग होते, घरात सकाळ-संध्याकाळ सूत, बीम आणि कापडाचेच विषय. या खेळात आले ती आभाळाच्या ओढीने, पण रमले पुन्हा कापडात.

डॅलसकर म्हणतात ते टनेलचं खरं आहे. शरीराची स्थिती तिथेच लवकर सुधारते. पण टनेलमध्ये उतरायची जमीन नाही, मैदानावरचा वारा नाही आणि कॅनोपी नाही. तुझा फ्रीफॉल विमानातून बाहेर पडल्यावर मिनिटभरात संपतो आणि मग पाच-सहा मिनिटं तू एकटी कॅनोपीखाली असतेस. माणसं जायबंदी होतात ती बहुतेक त्या शेवटच्या भागात. गेल्या काही दशकांत नीट उघडलेल्या, काहीही दोष नसलेल्या कॅनोपीखाली कितीतरी जीव गेलेत, कारण जमिनीजवळ कुणीतरी घाबरून किंवा हौसेने एक वळण घेतलं. हे शिकायला वाऱ्याच्या दिवसासारखा दिवस नाही, आणि तो फुकट आहे.

म्हणून पहिलं काम. लँडिंग एरियाच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहा. आधी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, बघ, मग वर बघ. तुला शिकवलंय तेच सगळे करताना दिसतील. साधारण हजार फुटांवर वाऱ्याबरोबर जाणारा डाउनविंड, सहाशेच्या आसपास काटकोनात बेस, तीनशेला वाऱ्याकडे तोंड करून फायनल. आता वाऱ्याने त्यात काय फरक पडतो ते टिप. डाउनविंडला कॅनोपी भरधाव सुटते. बेसवर ती तिरकी सरकते. फायनलला मात्र जमिनीवरून पाहणाऱ्याला वाटतं, हलतच नाहीये, जवळजवळ सरळ खाली येतेय. म्हणून जाणती माणसं अशा दिवशी फायनलचं वळण मैदानाच्या अगदी जवळ आणून घेतात. शांत हवेतल्या जागी वळलं तर मैदानापर्यंत पोचायचंच नाही, अलीकडच्या रस्त्यावर किंवा कुंपणात उतरायची पाळी येते.

प्रत्येक माणूस डाउनविंडवर असतानाच मनात ठरव, हा कुठे वळणार आणि कुठे टेकणार. मग बघ. चुकलं तर का चुकलं ते तो खाली आल्यावर त्यालाच विचार. 'तुम्ही बेस एवढी छोटी का घेतली?' हा प्रश्न ऐकून कंटाळलेला एकही जंपर मला आजवर भेटलेला नाही. हातातली कॅनोपी खांद्यावर टाकून ते तुला मातीत काठीने आकृती काढून दाखवतील. तू विचारतेस 'कसं वाटलं?', त्याला उत्तर एका शब्दाचं येतं. तू जे पाहिलंस त्याबद्दल विचार.

आणि हँगरच्या आडोशाकडे लक्ष दे. इमारतीवरून येणारा वारा पलीकडे जाऊन गरगरतो आणि त्याचा त्रास इमारतीच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत पोचू शकतो. तीस फुटी हँगर असेल तर तीनशे ते सहाशे फूट. त्या पट्ट्यात आलेल्या कॅनोपीचं टोक दुमडल्यासारखं होतं, क्षणभर झोल खाते. डोळ्यांनी एकदा पाहिलंस की तुझा इन्स्ट्रक्टर 'हँगरमागे जाऊ नकोस' का म्हणतो ते वेगळं समजावावं लागणार नाही. तुझ्यासाठी १४ मैलांची मर्यादा का आहे तेही तिथेच कळेल. विद्यार्थ्यांच्या कॅनोपी मोठ्या, संथ. २६०-२८० चौरस फुटांची कॅनोपी वाऱ्यात पुढे सरकेनाशी होते, आणि टेकल्यावर खेचत नेते ती वेगळीच.

दुसरं काम, पॅकिंग, म्हणजे पॅराशूटची घडी घालून भरणं. ए लायसन्ससाठी, म्हणजे पहिल्या लायसन्ससाठी, ते यावंच लागतं, २५ उड्यांइतकंच ते सक्तीचं आहे. तरी बहुतेक जण ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. उड्या जोरात चालू असताना पॅकिंगच्या मॅटवर तुला कुणी उभंही करणार नाही. पॅकर घामाघूम असतात, पुढच्या लोडची, म्हणजे विमानाच्या पुढच्या फेरीची, हाक आलेली असते. वारा सुटला आणि टँडम थांबले की तेच पॅकर पाय पसरून बसतात. तेव्हा जाऊन म्हण, 'मला काम द्या.' शिकवा म्हणू नकोस. काम द्या म्हण. शिकवणं आपोआप येतं.

बहुधा आधी रबर बँड बदलायला देतील. लाइन, म्हणजे कॅनोपीच्या दोऱ्या, ज्या रबर बँडमध्ये अडकवतात ते झिजतात, तुटतात. दिसायला किरकोळ काम, पण लाइन ज्या क्रमाने सुटायला हव्यात त्या क्रमाने सुटणं याच रबरांवर असतं. मग लाइन मोजायला. खांद्यावर कॅनोपी लटकवून, पुढून मागे, एकेक गट बोटांत धरत. मग स्लायडर वर सरकवून तो अडेपर्यंत नेणं आणि त्याचे चारही कोपरे जागेवर आहेत हे बघणं. स्लायडर म्हणजे तो चौकोनी कापडाचा तुकडा, जो लाइनवरून हळूहळू खाली उतरतो म्हणून कॅनोपी एका झटक्यात उघडत नाही. तो नीट वर नसेल तर उघडताना असा दणका बसतो की मान आठवडाभर धरते.

नवी झीरो-पी कॅनोपी गुंडाळायला बसलीस की रडकुंडीला येशील, हे आधीच सांगते. ते सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन असतं. कापडातून हवा जातच नाही, म्हणून उडते छान, पण म्हणूनच घडी घालताना हवा बाहेर काढणं अवघड. गुडघे रोवून, छातीचा भार टाकत, हळूहळू तोंडाकडून हवा काढत जायचं. जरा घाई केली की सगळं हातातून सुळकन निसटतं. रिझर्व्हचं कापड निराळं, त्याला असा लेप नसतो, हाताला सुती कापडासारखं मऊ लागतं, निमूट घडी होते. दोन्ही एकदा उजेडाकडे धरून बघ. बारीक चौकटी दिसतील. दर काही तारांनंतर एक जाड तार, ताण्यातही आणि बाण्यातही. कुठे चीर गेली तर ती त्या जाड तारेपाशी अडावी, पुढे धावू नये म्हणून. मागावर कापड तपासताना तुटलेली तार शोधायला बाबा बोट फिरवायचे, तसंच मी रिझर्व्हच्या प्रत्येक कप्प्यावरून फिरवते.

तुमच्या ड्रॉपझोनवरही रिगिंग लॉफ्ट, म्हणजे रिगरची कामाची खोली, असेल. दारात उभी राहून विचार, आत येऊ का. रिझर्व्ह दर १८० दिवसांनी उघडून त्याची पुन्हा घडी घालावी लागते, मग एकदाही वापरलेलं नसलं तरी. शेवटी ते बंद ठेवणाऱ्या पिनभोवती लाल दोरा गुंडाळून त्यावर शिशाचं बारकं सील दाबलं जातं. त्या सीलवर रिगरचं चिन्ह असतं, कार्डावर सही असते. रिझर्व्हच्या ज्या हँडलला तू देवाचं नाव घेऊन हात लावशील त्यामागे नेमकं काय आहे हे पाहून झालं, की आणीबाणीच्या सरावात तुझा हात वेगळ्याच खात्रीने जातो. मी हे विद्यार्थ्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता खरं सांगायचं ते. तुझी ओळख व्हायला हवी, आणि ती गप्पांची हौस म्हणून नव्हे. विमानात चढायच्या आधी तुझा इन्स्ट्रक्टर तुझं गियर तपासतोच, तीनदा तपासतो. पण उद्या लायसन्स मिळेल, इन्स्ट्रक्टर नसेल. तेव्हा तुझा चेस्ट स्ट्रॅप, छातीवरचा पट्टा, उलटा ओवला गेलाय, पायलट च्यूटचं, म्हणजे मुख्य पॅराशूट ओढून काढणाऱ्या छोट्या छत्रीचं, टोक बाहेर लोंबतंय, हे बघणारी नजर कुणाची असेल? अनोळखी माणसालाही लोक सांगतात, सांगायलाच हवं. पण ओळखीच्या माणसाच्या बाबतीत ते गियरच्या पलीकडचं बघतात. मृण्मयी आज गप्प आहे. मृण्मयी आज घाई करतेय. मृण्मयीने सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही. मॅनिफेस्टच्या खिडकीत बसणारी मुलगी मला हे येऊन सांगते, 'त्याच्याशी जरा बोल, आज तो ठीक दिसत नाही.' अशा एका वाक्यावर माणसं खाली थांबलेली आहेत. हे वाक्य तुझ्याबद्दल कुणीतरी म्हणावं, इतपत तरी तुला तिथल्या माणसांनी ओळखायला हवं. ती ओळख उडीच्या दिवशी होत नाही. ती वाऱ्याच्या दिवशी होते.

एक प्रसंग सांगते. गेल्या वसंतात दुपारी असाच वारा चढत होता. मर्यादेच्या आत, लायसन्सवाल्यांना मुभा होती. आमच्याकडचे एक आजोबा, केस पांढरे, मी जन्मायच्या आधीपासून उड्या मारणारे. पूर्ण तयार होऊन विमानाकडे निघाले होते. मध्येच थांबले, विंडसॉककडे बघत राहिले. सॉक सारखा दिशा बदलत होता, कधी ताठ, कधी एकदम मलूल. त्यांनी हेल्मेट काढलं, चेस्ट स्ट्रॅप सोडला आणि मॅनिफेस्टला जाऊन म्हणाले, 'माझं नाव काढा.' बस. कारण दिलं नाही, कुणी विचारलंही नाही. त्यांच्या मागे दोन तरुण मुलं होती, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तीही वळली. हे कुठल्याच पुस्तकात शिकवता येत नाही गं. कुणीतरी करताना दिसावं लागतं. आणि ते दिसायला तू तिथे असावी लागतेस.

जुन्या लोकांना जुन्या गोष्टी विचार. आपल्या कॅलिफोर्नियातल्या पेरिस (Perris) ड्रॉपझोनचा १९९२ चा अपघात विचार. २२ एप्रिलला उडीचं ट्विन ऑटर विमान टेकऑफनंतर लगेच कोसळलं, १६ जण गेले. त्यातून मान मोडलेल्या अवस्थेत वाचलेले डॅन ब्रॉडस्की-चेनफेल्ड पुन्हा उड्या मारू लागले, विश्वविजेत्या संघात खेळले आणि पुढे त्याच ड्रॉपझोनचा कारभार पाहू लागले. त्या काळी उडीच्या विमानात बेल्ट कुणी फारसं मनावर घेत नसे. तू आज टेकऑफला बेल्ट लावून, हेल्मेट घालून बसतेस, ते कुणाच्या तरी जिवावर शिकलेलं आहे.

भाषेचं टेन्शन घेऊ नकोस. अपर्स म्हणजे वरचे वारे, वेगवेगळ्या उंचीवरचे. ते जोरात असले की दोन गटांनी उडी मारताना मध्ये जास्त सेकंद सोडायचे, नाहीतर उघडताना एकमेकांच्या अंगावर येतील. स्पॉट म्हणजे विमानातून बाहेर पडायची जागा. तो चुकला की परतीचा रस्ता लांब. बाकी सगळं कानावर पडून येतं.

रिफ्रेशरचंही दडपण नको. ते शिक्षा म्हणून नाही. घे आणि पुढे हो.

---

छत्रीवाला_काका

मृण्मयी बाळ, मी सातारचा, फौजेतून निवृत्त. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलला माझं शिक्षण झालं. तिथे पाच उड्या पूर्ण झाल्या की छातीवर विंग्ज लागतात, त्यातली एक रात्रीची. पण त्या पाच उड्यांच्या आधी जमिनीवर किती उड्या मारून घेतल्या, त्याला गणतीच नाही. स्टॅटिक लाइन, म्हणजे विमानाला अडकवलेल्या दोरीने आपोआप उघडणारी, गोल छत्री, वळवायला फारसं काही हातात नाही. त्यामुळे उतरणं हाच आमचा अभ्यास.

तुमच्या चौकोनी छत्र्या वेगळ्या, उभ्याने टेकता येतं. पण वाऱ्यात मागे सरकत खाली आलीस, किंवा फ्लेअर, म्हणजे टेकताना छत्रीचा वेग मारणं, फार वर झाला, तर तेव्हा आमची जुनी विद्याच कामाला येते. तुम्ही तिला पीएलएफ, पॅराशूट लँडिंग फॉल, म्हणता. दोन्ही पाय आणि गुडघे घट्ट जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला. तळव्याचा पुढचा भाग, मग पोटरीची बाजू, मांडी, कुल्ला आणि शेवटी पाठीची बाजू, अशी अंगाची लोळण. हात जमिनीकडे न्यायचा नाही, मनगट जातं. पाय फाकवायचे नाहीत, घोटा जातो.

वाऱ्याचा दिवस मिळालाय ना? दोन फुटांच्या ओट्यावरून गवतावर दहा डावीकडे, दहा उजवीकडे, दहा मागे. इन्स्ट्रक्टरला समोर उभं करून कर. अंगाला कळलं पाहिजे, डोक्याला विचारायला वेळ नसतो.

दुसरं आईचं. उडी झाली नाही एवढंच सांगू नकोस. 'वारा जास्त होता, त्यांनी मला जाऊ दिलं नाही', असं पूर्ण सांग. तिथे माझ्या मुलीला 'नाही' म्हणणारी माणसं आहेत, हे तिला कळू दे. माझी आई उडीच्या नावाने उपास करायची. आमचे सुभेदार साहेब रजेवर घरी आले आणि वाऱ्यापायी उडी कशी रद्द करतात हे त्यांनी तिला बसवून सांगितलं. त्यानंतर ती शांत झाली. उपास सोडले नाहीत, पण झोपायला लागली.

---

मृण्मयी_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी मुद्दाम गेले, अंदाजात १८-२० मैलांचा वारा दिसत असताना.

ताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. पॅकरना 'काम द्या' म्हटलं, त्यांनी रबर बँडची पिशवी हातात दिली. शेवटचा रबर ओवेपर्यंत त्यांच्यातल्या एका बाईंनी स्वतःहून मला उभं करून लाइन मोजायला लावल्या. दुपारी कुंपणापाशी उभी राहिले. माझे अंदाज सगळे लांबचे निघाले, प्रत्येक जण मला वाटलं त्याच्या किती अलीकडे टेकत होता! एकांना विचारलं की तुम्ही फायनलचं वळण मैदानाच्या इतक्या जवळ का घेतलंत. ते कॅनोपी खाली ठेवून बसलेच. हळूहळू आणखी तिघं जमली आणि त्यांच्यातच वाद सुरू झाला. मी नुसती ऐकत होते. निघताना मॅनिफेस्टवाल्या मुलीने नावाने हाक मारून सांगितलं की पुढच्या शनिवारी पहिल्या लोडला विद्यार्थी घेतील, लवकर ये.

काका, पीएलएफ तीस नाही, पंधरा झाले, कंबर बोलायला लागली. उरलेले बुधवारी बागेत करीन. आणि आईला पूर्ण वाक्य सांगितलं. तिने विचारलं, 'कोण ठरवतं गं तिथे?' मग अर्धा तास विंडसॉकवर बोलणं झालं. आईशी या विषयावर एवढं बोलणं पहिल्यांदाच.

आता एक शंका. मी पॅक केलेली कॅनोपी दुसऱ्या कुणाला वापरायला देतील का? आणि घरी सरावासाठी एखादी जुनी कॅनोपी मिळते का कुठे?

---

डॅलसकर

मृण्मयी, छान वाटलं वाचून. पुढच्या वाऱ्याच्या शनिवारी मीही कुंपणापाशी उभा राहून बघतो. ताई, माझ्या रिगवरचे, म्हणजे पॅराशूटच्या संचावरचे, रबर बँड कधी बदललेत ते मला आठवतसुद्धा नाही, किती दिवसांनी बदलायचे असतात?

---

इचलकरंजीची

मृण्मयी, नियम सरळ आहे. मुख्य पॅराशूटची घडी रिगरने घातलेली असावी, किंवा रिगरच्या देखरेखीखाली कुणी घातलेली, किंवा जो ते पाठीवर घेऊन पुढची उडी मारणार त्याने स्वतः घातलेली. त्यामुळे तू एकटीने घडी घातलेली कॅनोपी तुझ्याच पाठीवर जाणार, दुसऱ्याच्या नाही. देखरेखीखाली घडी घातलीस तर गोष्ट वेगळी. रिझर्व्हला मात्र रिगरशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

जुनी कॅनोपी विकत घेऊ नकोस. माझ्याकडे उडीतून बाद केलेली एक ७-सेल, म्हणजे सात कप्प्यांची कॅनोपी, पडून आहे, लेप नसलेली, शिकायला सोपी. कंटेनरसकट, म्हणजे पाठीवरच्या पिशवीसकट, देते. त्याच्या हार्नेसवर मी 'फक्त सरावासाठी' असं मोठ्या अक्षरांत शिवलंय, ते उसवू नकोस. निरोप पाठव, पत्ता कळवते. येताना पुल-अप कॉर्ड, कंटेनर बंद करताना ओढायची दोरी, दोन-तीन आण, ती सगळ्यांचीच हरवते.

शनिवारी पहिल्या लोडला जायचं असेल तर ढगांचं सकाळीच विचारून निघ. पहाटेच ऊन पडलं असेल तर वेळ दवडू नकोस, दुपारी वारा सुटला की तुझी संधी गेली.

डॅलसकर, दिवसांवर जाऊ नका. प्रत्येक वेळी घडी घालताना रबर बोटाने ताणून बघा. तडा दिसला, चिकट लागला किंवा सैल पडला की तेव्हाच बदला. आणि सगळे एकाच मापाचे घाला. तुमच्या लाइनची जाडी कळवा, कुठलं माप लागेल ते सांगते.